वाचायची प्रत

१

एखादं पुस्तक समोर आलं, तर त्यातला एक शब्दही न वाचता, ते कुठवर वाचून झालंय हे तुम्हाला सांगता येईल का?

मला येतं. यात हुशारी काही नाही. शाळेनंतर मी पुढे शिकले नाही. होबार्टमध्ये रेक्सच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात एकोणीस वर्षं काढली, तेच माझं शिक्षण. आमच्याकडे रहस्यकथांच्या पहिल्या आवृत्त्या येतात. त्यांची अवस्था ठरवायची आणि कार्डावर लिहायची, हे माझं काम. वेष्टन फाटलंय का, त्याच्या कोपऱ्यातली किंमत कुणी कापून टाकलीय का, कागदावर तांबूस ठिपके आलेत का, टेबलावर ठेवल्यावर पुस्तक सरळ बसतं की एका अंगाला कलतं. न वाचलेल्या पुस्तकाच्या पानांची कड एकसारखी पांढरी आणि घट्ट मिटलेली असते. वाचलेल्या भागात ती जराशी मळते, पानांमध्ये हवा शिरते. अर्धवट सोडलेलं पुस्तक तर लांबूनही कळतं. इथपर्यंत माणूस, इथून पुढे नुसता कागद.

माझी अशी समजूत आहे की पुस्तक खोटं बोलत नाही. अजूनही आहे. म्हणूनच ही गोष्ट मला बाजूला टाकता येत नाही.

गेल्या जुलैत, म्हणजे आमच्याकडच्या ऐन थंडीत, एका सोमवारी रेक्सनं मला वुडब्रिजला पाठवलं. तिथले ऑब्री पॅसको दोन आठवड्यांपूर्वी वारले होते. फेरीबोटींवर इंजिनं सांभाळण्यात आयुष्य गेलेला माणूस, पण चाळीस वर्षं रहस्यकथा जमवत होता. आता त्यांच्या बायकोला सगळं विकायचं होतं.

"आठवड्याभरात आटपा म्हणते," रेक्स म्हणाला. "मला निघायचंय म्हणते."

"कुठं?"

"पर्थला लेक आहे ना तिची. मी कशाला विचारतोय? म्हातारी घाईत आहे आणि कपाट भरलेलं आहे. मला एवढं पुरतं."

"तू मेलास की तुझ्या बायकोलाही मी असंच आठवड्यात आटपून देईन," मी म्हटलं.

"ती तीन दिवसांत आटपेल, लिन. तू तुझी काळजी कर."

२

घर धक्क्याच्या वरच्या अंगाला होतं. खिडकीतून खाडीचं करडं पाणी दिसायचं. बैठकीची खोली लहान, तिच्यात लाकडं जाळायची शेगडी, शेगडीजवळ दोन खुर्च्या, आणि समोरच्या भिंतीला काचेच्या दारांचं उंच कपाट.

मिसेस इस्मे पॅसको त्र्याऐंशी वर्षांच्या होत्या. त्यांच्या नजरेचा मधला भाग गेला होता, नुसत्या कडा दिसायच्या. त्यामुळे बोलताना त्या तुमच्या कानाकडे बघत बोलायच्या.

"तू पुस्तकांची डॉक्टर," त्या म्हणाल्या.

"डॉक्टर बरं करतात. मी फक्त आजार लिहून ठेवते."

"मग माझं कार्ड लिहू नकोस. चहा कर. मला किटली दिसते, पण कप दिसत नाही."

मी चहा केला. त्यांनी मला कपाटाची किल्ली दिली आणि घरची रीत सांगितली. जमवणाऱ्यांमध्ये ही रीत जुनीच आहे. प्रत्येक कादंबरीच्या दोन प्रती घ्यायच्या. एक पहिली आवृत्ती, ती उघडायचीही नाही. दुसरी कुठलीतरी स्वस्त, मागाहून छापलेली, ती वाचायची.

"कपाटातली पाहुण्यांची, खुर्चीतली घरची," त्या म्हणाल्या. "माझे डोळे गेल्यापासून ऑब्री मला वाचून दाखवायचा. रोज चारला."

वाचायच्या प्रतींना बाजारात काही भाव नसतो. कोपऱ्यांत, खिडकीखाली, न्हाणीघराबाहेर, सगळीकडे त्या पडल्या होत्या. कणे मोडलेले, पानं सुटलेली. प्रत्येक उजव्या पानाचा खालचा कोपरा सुरकुतला होता. अंगठा ओला करून पान उलटायची खोड. मी त्या तीन खोक्यांत भरल्या. एक प्रत शेगडीजवळच्या उजव्या खुर्चीच्या हातावर पालथी ठेवलेली होती. 'बर्फघर' नावाची कादंबरी. आत बसचं तिकीट होतं. पानांत सापडलेली वस्तू आम्ही पाकिटात घालून वर पानाचा आकडा लिहितो, हात आपोआप तसं करतात. मी पाकिटावर लिहिलं: बसचं तिकीट, पान १४०–१४१. पाकीट पर्समध्ये टाकलं, पुस्तक खोक्यात.

घरातलं माणूस गेलंय, त्याच्या खुर्चीवर पुस्तक आहे, तर आधी विचारायला हवं होतं. दुसऱ्या कुठल्याही बाईनं विचारलं असतं. मी एकोणीस वर्षं हेच काम करते, म्हणून मला विचारावंसं वाटलं नाही.

दुपारी रेक्स गाडी घेऊन आला आणि खोकी रद्दीत घालायला घेऊन गेला. जाण्यापूर्वी मी त्याला कपाटातलं एक पुस्तक दाखवलं. तेही 'बर्फघर'च, पण पहिली आवृत्ती. दोनशे चोवीस पानं. वेष्टनाचा निळा रंग कालच छापल्यासारखा. रेक्सनं ते तळहातावर ठेवलं आणि सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिलं.

"कुणी उघडलेलंसुद्धा नाही," तो शेवटी म्हणाला.

मी कार्डावर लिहिलं: न वाचलेली प्रत, पानं घट्ट, कणा सरळ, दोष नाही. पुस्तक कपाटात ठेवलं, कुलूप लावलं, आणि तीन वाजता निघाले. किल्ली माझ्याजवळच होती.

३

बुधवारी सकाळी रेक्सचा फोन आला. सिडनीचं एक गिऱ्हाईक 'बर्फघर'साठी मागे लागलं होतं आणि त्याला पानांच्या कडेचा फोटो हवा होता.

मी कपाट उघडलं, पुस्तक टेबलावर ठेवलं, आणि ते कललं.

फार नाही. कागदाच्या जाडीइतकंच. पण मी सोमवारी 'कणा सरळ' लिहिलं होतं.

मी ते खिडकीशी नेलं. पानांची कड पांढरी होती, पण मधेच एक करडी पट्टी होती. बोटाएवढीही रुंद नाही. तिच्या अलीकडे कोरा कागद, पलीकडे कोरा कागद. असं पुस्तक मी पाहिलेलं नव्हतं. माणूस पुस्तक सुरुवातीपासून वाचतो. मधूनच सुरू करून मधेच सोडलेलं पुस्तक कुणाच्या घरात सापडेल?

मी पट्टीतली पानं मोजली. एकशे एक्केचाळीसपासून एकशे अडुसष्टपर्यंत. प्रत्येक उजव्या पानाचा खालचा कोपरा सुरकुतलेला, मऊ.

मग मी स्वतःला समजावत बसले. खाडीजवळचं घर आहे, ओल असणारच. शेगडीची धग एका बाजूनं लागते. सोमवारी उजेड कमी होता. पण सोमवारी उजेड चांगला होता, आणि रेक्सनंही पाहिलं होतं. शिवाय ओल सगळ्या पुस्तकाला लागते. ती एकशे एक्केचाळीसाव्या पानापासून सुरू होत नाही.

तो आकडा मला ओळखीचा वाटला. पर्समधून पाकीट काढून बघेपर्यंत मला कळलंच होतं.

फोटो मी काढला नाही. गिऱ्हाइकाला उद्या देऊ, असं रेक्सला कळवलं. पुस्तक परत ठेवून कुलूप दोनदा ओढून पाहिलं. त्या दिवशी बाकीची कार्डं लिहायला बसले तर माझी पाठ कपाटाकडे येत होती, म्हणून मी टेबल फिरवून घेतलं.

४

गुरुवारी करडी पट्टी एकशे ब्याऐंशीपर्यंत आली होती.

मिसेस पॅसको टोस्टवर काळं, खारट व्हेजिमाइट लावत होत्या, अंदाजानं, अर्धं टोस्टवर आणि अर्धं बशीवर.

"कपाटाची दुसरी किल्ली आहे का?" मी विचारलं.

"नाही गं. काही हरवलं का?"

"हरवलं नाही. 'बर्फघर' कुणीतरी वाचतंय."

त्यांनी सुरी खाली ठेवली. मला वाटलं, त्या घाबरतील. त्या माझ्या कानाकडे बघून हसल्या.

"हो, आवाज बदललाय खरा. सोमवारपासून पानं कुरकुरतात. मी म्हटलंही त्याला, आज पाहुण्यांची प्रत काढलीस की काय?"

शेगडीत लाकूड खाली बसलं. मी हातातला फडका घडी करत राहिले.

"मिसेस पॅसको, ही कादंबरी तुम्ही आधी ऐकली असेल."

"छे. वाचायची प्रत मिळायलाच त्याला तीस वर्षं लागली. गेल्या महिन्यात मिळाली. तो दवाखान्यात गेला तेव्हा आमचं जेमतेम दुसरं प्रकरण झालं होतं." त्यांनी टोस्टचा कोपरा मोडला. "काल तर कहर झाला. तो कारकून बर्फघरात शिरला आणि त्याच्या मेव्हण्यानंच बाहेरून कडी घातली. मेव्हणा म्हणजे शेवटी मेव्हणाच."

मी कपाटाशी गेले आणि एकशे ब्याऐंशीवं पान उघडलं. शेवटच्या ओळीत कडी पडल्याचा आवाज होता.

दुसरं प्रकरण विसाव्या पानाच्या आसपास संपत होतं. आणि बसचं तिकीट मला एकशे चाळीसवर सापडलं होतं. म्हणजे माणूस गेल्यावर दोन आठवड्यांत शंभराच्या वर पानं.

"तुम्हाला ऐकू येतं?" मी विचारलं.

"माझे डोळे गेलेत, पोरी. कान शाबूत आहेत."

"आणि पुस्तक संपल्यावर?"

"संपल्यावर काय, नेहमीचंच. पुस्तक मिटून तो म्हणतो, चल, निघू या. मग आम्ही दोघं धक्क्यापर्यंत फिरून येतो. प्रत्येक पुस्तकानंतर. पाऊस असला तरी." त्यांनी बोटानं दाराकडे दाखवलं. खुंटीवर त्यांचा कोट होता, खाली चालायचे बूट, घासूनपुसून जोडीनं ठेवलेले. "म्हणून तर तुम्हाला घाई केली. मागं पसारा ठेवून जाणं मला आवडत नाही."

पर्थचा विषय त्यांनी कधी काढलाच नव्हता. तो रेक्सनं काढला होता.

५

त्या दुपारी मी ते पुस्तक कापडात गुंडाळून बरोबर घेतलं आणि होबार्टला माझ्या घरी आणलं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवून समोर बसले. चार वाजले. काही हललं नाही. सव्वाचारला फोन वाजला.

"लिनेट, तू पुस्तक नेलंस का गं?" मिसेस पॅसको म्हणाल्या. त्या रागावलेल्या नव्हत्या. "आज आवाज फार लांबून येतोय. मला काही वाक्यं तुटक ऐकू आली."

मी टेबलाकडे पाहिलं. मी नजर हटवली नव्हती, हे मी शपथेवर सांगेन. फोन घ्यायला वळले तेवढीच. कापड सोडलं, तर पट्टी एकशे पंचाण्णववर होती.

शुक्रवारी मी रेक्सला सगळं सांगितलं. तो हसला नाही.

"तूच झोपेत वाचत असशील."

"झोपेत? दुपारी चार वाजता?"

"दुकानात तुला त्या वेळी मी डुलक्या घेताना पाहिलंय." मग त्यानं पुस्तक हातात घेऊन कड पाहिली. रेक्सला पुस्तकं कळतात. त्याचा चेहरा उतरला. "सोमवारी हे असं नव्हतं," तो हळू आवाजात म्हणाला, आणि पुस्तक दुकानाच्या तिजोरीत ठेवलं. चार वाजता आम्ही दोघं तिजोरीसमोर उभे होतो. आतून काही आवाज आला नाही. पाच वाजता रेक्सनं उघडली.

दोनशे आठ.

"विकायचं नाही हे," तो म्हणाला. "आणि मला आता घरी जाऊ दे."

रोज तेरा-चौदा पानं. उरली होती सोळा.

६

पुस्तक शिवताना सोळा-सोळा पानांच्या घड्या एकामागे एक शिवतात, त्याला फर्मा म्हणतात. 'बर्फघर'चा शेवटचा फर्मा दोनशे नऊवर सुरू होत होता. बरोबर तिथंच.

शनिवारी दुपारी रेक्स दुकान बंद करून गेल्यावर मी तिजोरीतून पुस्तक काढून मागच्या खोलीत बसले. एकोणीस वर्षांत मी पुस्तकाच्या पानाला पेन्सिलही लावली नव्हती. हात धुतले, बारीक पातं घेतलं, शिवणीचा दोरा कापला, आणि तो फर्मा ओढून काढला. दात काढल्यासारखा तो आला. पांढरा, घट्ट, कुणाचा हात न लागलेला.

त्या खोलीतली शेगडी पेटलेली होती. मी तो लगेच टाकायला हवा होता. पण न बघता कागद जाळणं मला जमेना. उभ्यानं मी सोळा पानं वाचली आणि मग एकेक करून जाळली.

त्यानंतर पुस्तक घेऊन मी वुडब्रिजला गेले. वाटलं, तो येईल, दोनशे आठवं पान उलटेल, पुढे नुसता पुठ्ठा दिसेल. संपलं. मिसेस पॅसकोंनाही मग पर्थच्या लेकीला फोन करायला सांगता येईल. आणि काही झालं तरी चार वाजता त्या एकट्या असू नयेत, असं मला वाटत होतं. माझी आई गेली तेव्हा मी बसस्टॉपवर होते.

पावणेचारला पोचले. त्या कोट घालून, बूट घालून आपल्या खुर्चीत बसल्या होत्या. केस नीट विंचरलेले.

"आलीस? बरं झालं. शेवट आहे आज."

मी पुस्तक कपाटात ठेवलं, कुलूप लावलं, किल्ली मुठीत धरली. मग माझ्या मनात जे आलं ते मी केलं. उजव्या खुर्चीत जाऊन बसले. खुर्ची रिकामी नसली तर तो बसणार कुठं, असा साधा हिशेब. लहान मुलं करतात तसा.

"ती ऑब्रीची आहे," त्या म्हणाल्या.

"मला थंडी वाजतेय. शेगडी जवळ पडते."

"बस मग. तो काही म्हणायचा नाही."

७

चार वाजले तेव्हा बाहेर अजून उजेड होता. टिटव्या ओरडत होत्या. समोर कपाटाच्या काचेत खोलीचं प्रतिबिंब पडलं होतं. शेगडीचा लाल ठिपका, मिसेस पॅसको, मी.

आधी पुठ्ठा उघडल्याचा आवाज आला. नव्या पुस्तकाचा कणा वाकताना येतो तो. तो कपाटातून आला. कुलूप तसंच होतं, पुस्तकही तसंच मिटलेलं दिसत होतं. मग एक पान उलटलं. मग थांबलं. मग ते पान परत मागे. पुन्हा पुढे. पुन्हा मागे. हरवलेलं पान शोधताना आपण करतो तसं, आधी सावकाश, मग भराभर. शेवटी ते बंद झालं आणि खोलीत शेगडीशिवाय काही ऐकू येईना.

"थांबलास का रे?" मिसेस पॅसको म्हणाल्या. त्यांनी मान कलती केली. मला काही ऐकू आलं नाही. त्या ऐकत होत्या.

"पानं नाहीत म्हणतो," त्या मला म्हणाल्या. "सोळा पानं."

मी त्यांना आकडा सांगितला नव्हता.

"जुनं पुस्तक आहे," मी म्हटलं. "पानं सुटतात."

"सुटलेली नाहीत म्हणतो. कापलीत."

मी मुठीतली किल्ली खिशात टाकली.

"कुणी कापली, विचारतोय."

"मला माहीत नाही."

माझ्या खुर्चीची पाठ करकरली. तिच्यावर मागून कुणी भार दिला की येतो तसा आवाज. मी टेकलेले नव्हते, पुढे सरकून बसले होते. तरी खुर्ची मागे कलली, कागदाच्या जाडीइतकी, मग बोटभर. माझे पाय जमिनीवरून उचलले गेले.

मी वळले नाही. समोर काच होती, तिच्यात बघितलं. एकदाच. माझ्या खांद्याच्या वर खुर्चीच्या पाठीची कड, आणि त्या कडेवर हात. करड्या लोकरीची बाही, वर काही नाही, किंवा होतं आणि उजेड तिथवर पोचत नव्हता. चार बोटं पलीकडे होती, अंगठा माझ्या बाजूला. अंगठा ओला होता. शेगडीचा उजेड त्याच्यावर चमकत होता.

"पोरी," मिसेस पॅसको म्हणाल्या, "तू वाचलीस ना ती?"

"नाही."

"तुझा आवाज थरथरतोय."

"मिसेस पॅसको, तुम्ही पर्थला जा. मी आत्ता फोन लावते. तुमच्या लेकीला—"

"सँड्राला उद्या कळवशील तू. मला माहीत आहे, तू चांगली आहेस. पण साठ वर्षं मी शेवट कळल्याशिवाय पुस्तक सोडलेलं नाही." त्यांनी हात माझ्या दिशेनं केला. तो माझ्या गुडघ्यापर्यंत पोचला नाही, मधेच हवेत राहिला. "सांग ना. तो वाट बघतोय."

मी त्यांच्यासाठी सांगितलं असतं, तर मला आज झोप लागली असती. तसं नव्हतं. अंगठा खुर्चीच्या कडेवरून माझ्या मानेकडे सरकत होता, त्याची ओल मला केसांखाली लागली, आणि तो तिथून जावा म्हणून मी सांगितलं.

मी आपल्या शब्दांत सुरुवात केली. कारकून अंधारात बर्फाच्या लाद्यांवर बसलेला आहे, वगैरे. दोन वाक्यांनंतर माझे शब्द राहिले नाहीत. जसं छापलं होतं तसंच तोंडातून यायला लागलं, स्वल्पविरामांसकट. ती पानं मी एकदाच, तीही उभ्यानं वाचली होती. एक पान संपलं असावं, कारण माझा उजवा हात उचलला गेला आणि अंगठा माझ्या जिभेला लागला. मग मी पुढचं पान सांगायला लागले. असं आठ वेळा झालं. मिसेस पॅसको योग्य तिथं हसत होत्या. एकदा त्या "बघ, मेव्हणा" असंही म्हणाल्या.

शेवट साधा आहे. कारकून रात्रभर दारावर धडका देतो, ओरडतो, देवाची करुणा भाकतो. पहाटे थकून खाली बसताना आधाराला दाराची मूठ धरतो, ती ओढली जाते, आणि दार उघडतं. मेव्हण्यानं कडी घातली, पण तेवढ्यातच काढलीही होती. दार सगळा वेळ उघडंच होतं. फक्त ते आतल्या बाजूला उघडत होतं.

"मला वाटलंच होतं," मिसेस पॅसको म्हणाल्या.

पुठ्ठा मिटला. खुर्ची पुढे येऊन चारी पायांवर बसली. माझ्या मानेवर आता काही नव्हतं.

मिसेस पॅसकोंनी वर पाहिलं. माझ्या कानाकडे नाही, माझ्या डोक्याच्या वर, सरळ, डोळ्यांनी नीट दिसणारा माणूस बघतो तसं.

"हो," त्या म्हणाल्या. "निघू या."

काठी न घेता त्या उठल्या. मी हात धरायला हवा होता. दार माझ्यापासून चार पावलांवर होतं. मी खुर्चीचे हात घट्ट धरून बसले आणि त्या मला ओलांडून गेल्या. मग दार उघडलं, थंडी आत आली, पायऱ्यांवर बूट वाजले. बुटांचा आवाज एकाच माणसाचा होता, पण फार सावकाश, कुणाच्या तरी पावलांशी जुळवून घेतल्यासारखा.

८

मी किती वेळ बसले ते सांगता येत नाही. उठले तेव्हा बाहेर बराच अंधार पडला होता. धक्क्यापर्यंत धावत गेले. धक्का रिकामा होता, त्याच्या टोकाचं बाक रिकामं होतं. मी हाका मारल्या. खालच्या घरातले लोक बॅटऱ्या घेऊन आले, मग पोलीस आले, मग बोट आली. त्या बाकाशी मी स्वतः तीनदा गेले. हवालदार दोनदा जाऊन आला. त्यानं बाकाखालीही उजेड टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेआठला मिसेस इस्मे पॅसको त्या बाकावर बसलेल्या सापडल्या. त्या गेल्याला बरेच तास झाले होते, असं डॉक्टर म्हणाले. त्या बाकाच्या एका कडेला बसल्या होत्या, दुसऱ्या माणसापुरती जागा सोडून. उजव्या हातात हातमोजा घातलेला होता. डाव्या हातातला काढून त्यांनी कोटाच्या खिशात नीट घडी करून ठेवला होता, आणि त्यांचा डावा हात, तेवढा एकच, अजून गरम होता.